नव्या रंगाखाली काय आहे ते आधी बघा

नाना भाषांच्या वस्तीतलं, नूतनीकरण झालेलं घर भाड्यानं घ्यावं का, या प्रश्नावर ‘नूतनीकरण झालेलं घर म्हणजे पुढची काही वर्षं डोकेदुखी नाही’ असं कुणीतरी लिहिलंय. मला नाही पटत. नूतनीकरण बऱ्याचदा दिसतं तेवढंच असतं: रंग, फरशी, ओटा. भिंतीतल्या तारा आणि पाइप जुनेच राहतात.

बाथरूमला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीला तळाशी हात लावून बघा. गारढोण लागली किंवा पांढरी पूड फुटली असेल, तर पाणी मुरतंय. रंग कितीही ताजा असो. विजेच्या पेटीत आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, आहे का पाहा. घरात शॉकपासून बचावासाठी बसवलेला सहसा ३० मिलिअँपिअर गळतीपर्यंत वीज तोडतो. टेस्टचं बटण दाबल्यावर वीज गेली, की तो चालू आहे (दाबण्याआधी मालकाला विचारा, त्यांचा कॉम्प्युटर चालू असायचा!). सगळे नळ एकदम सोडून धारही बघा.

वस्ती नाना भाषांची, नाना सणांची आहे म्हणून बिचकू नका. फक्त रात्री आणि सुट्टीच्या दिवशी एकेक चक्कर मारा. शेजाऱ्यांशी दहा मिनिटं बोललात तर एजंट सांगणार नाही ते कळतं.

खरी काळजी भाड्याची. अशा वस्त्यांत घरं चकचकीत होत जातात, भाडं वाढतं आणि जुने भाडेकरू बाहेर पडतात. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनबद्दल लिहिताना याला ‘जेंट्रिफिकेशन’ म्हटलं. म्हणून करार संपल्यावर भाडं किती वाढेल, ते आत्ताच लेखी घ्या.