भिरूड लागलेलं आंब्याचं झाड: घरधन्याचा प्रश्न की गावाचा?

आमराईवाला, अचलपूर तालुका

राजेहो, आमच्या वावराच्या धुऱ्यावर आजोबांच्या हातचे चार गावरान आंबे होते. आता तीन उरले. गेल्या मृगात एकाच्या शेंड्याची पालवी विरळ दिसली. मी म्हटलं, उन्हाचा तडाखा असंल. पोळ्यापर्यंत एक फांदी वाळली, दिवाळीला अर्धं झाड. मग बुंध्याशी बसून पाहिलं. सालीच्या फटीतून लाकडाचा भुसा सांडलेला, ठोकलं तर आवाज पोकळ. झाड पाडलं तेव्हा आतून भिरुडाच्या, म्हणजे खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या, बोटापेक्षा जाड पिवळट अळ्या निघाल्या. मोजल्या, अकरा होत्या.

तेव्हापासून अमेरिकेतल्या ॲशच्या झाडांबद्दल वाचतो आहे. तिथं एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा चकचकीत भुंगेरा पूर्व आशियातून आला, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून. २००२ मध्ये डेट्रॉईटजवळ तो ओळखला गेला, पण त्याच्या कितीतरी वर्षं आधीच तो झाडांत शिरला होता. शेंडा वाळलेला दिसेपर्यंत अळीनं सालीखाली नागमोडी बोगदे करून अन्नरसाची वाटच तोडलेली असते. कोट्यवधी झाडं गेली. भुंगेरा स्वतः फार लांब उडत नाही. लोकांनीच जळतणाच्या गाड्यांतून त्याला राज्याराज्यांत पोचवलं.

म्हणून माझं म्हणणं असं की ग्रामसभेत ठराव व्हावा. मृगाआधी गावातला प्रत्येक आंबा बुंध्यापासून तपासायचा. किडीनं मेलेलं झाड सरपण म्हणून वाड्यामागं रचून ठेवायचं नाही, पावसाआधी जाळून टाकायचं. तोडलेल्या ओंडक्यातही अळी वाढते आणि पाऊस पडला की भुंगेरा बाहेर येतो.

झाडाची माया, मोर्शी

भाऊ, झाड गेल्याचं दुःख समजते. पण ॲशची गोष्ट आंब्याला लावू नका. तो भुंगेरा तिकडं पाहुणा आहे. त्याच्या मूळ मुलखातले ॲश, मांचुरियन ॲशसारखे, त्याला बरेच तोंड देतात, कारण पिढ्यानपिढ्यांची ओळख आहे. अमेरिकी झाडांना ती नव्हती, म्हणून ती धडाधड पडली. आपला भिरूड इथलाच. आंबा, उंबर, फणस, तुती, सगळ्यांत तो आधीपासून आहे. बहुतेक वेळा जखमी नाहीतर थकलेल्या झाडात शिरतो.

ठरावाची मला भीती वाटते ती वेगळ्याच कारणानं. 'कीड लागली' हे दोन शब्द गावात फिरले की आरा मशीनवाले दारात उभे. आमच्याकडं एका व्यापाऱ्यानं असंच सांगून म्हाताऱ्या बाईकडून तीन आंबे नेले. तोडल्यावर मी बुंधे पाहिले, दोन ठणठणीत होते.

गोंदियाकडचा

शेजारच्या मध्य प्रदेशात १९९० च्या दशकाच्या शेवटी मंडल्याकडं साल नावाच्या झाडांच्या जंगलांत हेच झालं. साल बोरर या खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या नावानं लाखो झाडांवर कुऱ्हाड चालली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पण त्याच वेळी भुंगेरे पकडायचा एक चांगला उपायही झाला. साल झाडाचे ताजे ओंडके ठेचून ठेवायचे, रसाच्या वासानं भुंगेरे जमतात, गावकरी वेचतात आणि वेचल्याचे पैसे मिळतात. झाड न तोडता गावाला हाताशी घेता येते, असं माझं मत.

संत्र्यावाला, काटोल

इतकं कशाला? अमेरिकेत ॲशच्या खोडात इमामेक्टिन बेंझोएट हे कीटकनाशक टोचतात, झाड दोन वर्षं सुरक्षित राहते. हेच औषध आपण हरभऱ्याच्या घाटेअळीवर मारतो. दुकानात मिळते. आंब्याला टोचायला काय हरकत?

दोन लेकरांची आई, दर्यापूर

हरकत आहे, दादा. ॲशचं फळ कोणी खात नाही. आमच्या अंगणातल्या आंब्याखाली लेकरं पाडाची वाट पाहत बसतात. खोडात टोचलेलं फांद्यांत चढते, तेच त्याचं काम. फळात किती उतरते हे कोणी मोजून सांगितल्याशिवाय मी झाडाला हात लावू देणार नाही. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीनं शेतकरी गेले, ते विसरायला फार वर्षं झाली नाहीत. पूर्वी छिद्रात डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक ओतत, त्याच्यावर तर आता बंदीच आहे.

मी काय केलं ते सांगते. सकाळी बुंधा झाडून घ्यायचा. दुपारी जिथं नवा भुसा पडला तिथं जिवंत अळी. सायकलच्या स्पोकचं टोक आकड्यासारखं वाकवून छिद्रात सरकवायचं. अळीला टोचलं की हाताला मऊ लागते, मग फिरवून ओढायचं. एक बाहेर आली, दुसरीचा आतच चेंदा झाला, तार ओली निघाली. रॉकेलचा बोळा कोंबून वरून चिखलानं बंद केलं. पुढचा आठवडा रोज पाहिलं, भुसा थांबला. पोखरलेल्या दोन फांद्या गेल्या, झाड राहिलं. पुढच्या वर्षी मोहोरही आला.

आमराईवाला, अचलपूर तालुका

ताई, ही तार मला वर्षभर आधी कळली असती तर! मोर्शीच्या भाऊंचं एक पटलं, 'तोडणे' हा शब्द ठरावात नकोच. फक्त तपासणे, आणि मेलेलं लाकूड गावात न ठेवणे. तेवढ्यावर मी ठाम आहे. भिरूड इथलाच हे खरं, पण माझ्या धुऱ्यावरून शेजारच्या धुऱ्यावर जायला त्याला परवाना लागत नाही. शेजाऱ्याच्या वाड्यात तसेच ओंडके असतील तर माझी तार किती पुरणार? आणि उद्या खरंच बाहेरची कीड आली तर? २०१८ मध्ये मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आली, ती आपल्या लक्षात यायच्या आत पसरली होती.

झाडाची माया, मोर्शी

तपासण्याला माझा विरोध नव्हताच. मेलेलं लाकूड जाळायलाही नाही, मात्र झाड मेलं हे ठरवणारा माणूस लाकूड विकत घेणारा नसावा. हे लिहून घ्या, मग ठरावाला मी हात वर करतो. आणि सुतार पक्षी कुठल्या खोडावर पुन्हा पुन्हा बसतो तेही पाहा. ॲशच्या बाबतीतही सुतारानं साल खरवडल्याचे पांढरट डाग हीच पहिली खूण धरतात. आता सांगा, उरलेल्या तिघांचे बुंधे पाहिले का? भुसा कोरडा की ओला, म्हणजे ताजा?

आमराईवाला, अचलपूर तालुका

आत्ताच पाहून आलो. दोन झाडं साफ. तिसऱ्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर एक छिद्र आहे, भुसा ओला. पोराला सायकलचा जुना स्पोक शोधायला पाठवलं आहे.