मंडळीतले ‘स्वयंसेवक’ आणि त्यांचा ‘गटप्रमुख’ : नेमका शब्द कोणता?

तापीकाठ
आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या (चर्चमधल्या) वेगवेगळ्या गटांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करतो आहे. उपासनेआधी चटया-खुर्च्या लावणारे, दारावर स्वागत करणारे, रविवारच्या शाळेत शिकवणारे, गायनाचे, माइक-स्पीकर सांभाळणारे, दवाखान्यात भेटीला जाणारे. हे सगळे बिनपगारी, आपापला धंदा-नोकरी सांभाळून येणारे. प्रत्येक गटावर लक्ष ठेवायला एक जण. मूळ इंग्रजीत ‘व्हॉलंटिअर’ आणि ‘टीम लीडर’ आहे. मी ‘स्वयंसेवक’ आणि ‘गटप्रमुख’ लिहिलं. मसुदा वाचून दाखवत होतो, तर नवापूरकडच्या एक वयस्क मावशी म्हणाल्या, “सेवक म्हणजे पाळकसाहेब. स्वयंसेवक म्हणजे सभेत बिल्ला लावून फिरणारे. मग मी कोण?” शेजारचा तरुण म्हणाला, गटप्रमुख तर पक्षाचा असतो.
दोन्ही शब्द सुचवा. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आणि सातपुड्याच्या पाड्यावर, दोन्हीकडे कळले पाहिजेत. नाताळच्या आधी छापायचं आहे.

जुने_पान
मावशींचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे, पण शास्त्राला धरून नाही. बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्याच ओळीत ‘अध्यक्ष व सेवक’ आहेत. तिथला सेवक म्हणजे आपण ज्याला डीकन म्हणतो तो, मंडळीच्या सेवेच्या कामाला नेमलेला माणूस, पाळक नव्हे. तीमथ्याच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातही तेच. पुढे आपल्याकडे सुवार्तिक आणि पाळक यांनाच ‘देवाचे सेवक’ म्हणायची रीत पडली आणि बाकीच्यांच्या हातून तो शब्द गेला. तो परत मिळवा. ‘सेवक’ लिहा, ‘स्वयं’ काढून टाका.

वरणबट्टी
दादा, परत मिळवा म्हणणं सोपं आहे. आमच्या धुळ्याला ‘आज सेवक आले नाहीत’ म्हटलं की अख्खी मंडळी समजते, आज उपदेश नाही.

उकाई_रोड
नवापूरचाच आहे म्हणून लिहितो. आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, आणि भाषाही तशीच. लीडरला आमच्याकडे सर्रास ‘आगेवान’ म्हणतात, तो गुजरातीतून आला. प्रशिक्षणाला हिंदीतून जाऊन आलेली पोरं ‘अगुवा’ म्हणतात. घरात मावची ही आदिवासी बोली बोलणाऱ्या माणसाला ‘गटप्रमुख’ही परकाच आणि ‘अगुवा’ही परकाच. मग जो आधीच तोंडी बसला आहे तो का घालवायचा?

शब्दवेडी_जळगाव
कारण पुस्तिका मराठीत आहे! ‘अगुवा’, ‘सेवकाई’, ‘गवाही’, ‘आराधना करूया’, हे सगळं हिंदी गीतांबरोबर आणि हिंदी शिबिरांबरोबर आलं. आपल्याकडे पुढारी, सेवाकार्य, साक्ष, उपासना हे शब्द होते आणि आहेत. रेव्हरंड टिळकांनी अभंग लिहिले, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं, ते त्यांच्या पश्चात १९२४ साली छापलं गेलं. कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं हा त्यांचा ध्यास होता. एवढी पुण्याई पाठीशी असताना आपण ‘अगुवा’ लिहायचं? मला खरंच वाईट वाटतं.

उकाई_रोड
ताई, रमाबाईंचा ध्यास हाच माझा मुद्दा आहे. समोरच्या बाईला कळलं पाहिजे. आणि ‘आगे’ काय, ‘अग्र’ काय, कूळ एकच.

वरणबट्टी
‘सेवकाई’ला इतकं हिंदी ठरवू नका. महागाई, चतुराई, नवलाई, दिरंगाई आपण रोज बोलतो. प्रत्यय आपल्या घरचाच आहे.

शब्दवेडी_जळगाव
प्रत्यय आपला असेल, शब्द नाही. मराठी बायबलात तो दाखवा.

केळीचं_पान
‘स्वयंसेवक’ या शब्दावर अन्याय होतो आहे. डिसेंबर १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलं, अध्यक्ष पंडित नेहरू. साने गुरुजी त्यासाठी गावोगाव फिरले होते. आमचे आजोबा तिथे स्वयंसेवक होते, पाणी भरायच्या कामावर. म्हातारपणीही कोणी पाहुणा आला की आधी ‘मी फैजपूरचा स्वयंसेवक’ सांगायचे आणि मग नाव. खान्देशात या शब्दाला असा मान होता. पुढे कोणी कोणता बिल्ला लावला त्याचा दोष शब्दाला का द्यायचा?

नवखा_वाचक
पण ‘स्वयं-सेवक’ म्हणजे स्वतःची सेवा करणारा असा अर्थ नाही का होत? ख्रिस्ती मंडळीसाठी तो उलटाच आहे.

जुने_पान
नाही. स्वयंवर म्हणजे स्वतःलाच वरणं नव्हे आणि स्वयंपाक म्हणजे स्वतःला शिजवणं नव्हे. ‘स्वयं’ म्हणजे आपण होऊन. पेत्राच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. कळपाची देखरेख करावी लागते म्हणून नव्हे तर संतोषाने करा, धनीपण करू नका, कित्ते व्हा. ‘आपण होऊन’ हा अर्थ तिथे आहे. व्हॉलंटिअरच्या मुळाशीही लॅटिनमधली ‘इच्छा’ आहे.

तापीकाठ
हाच परिच्छेद पुस्तिकेचा कणा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. शब्दाचा हट्ट यासाठी की नावाप्रमाणे माणूस वागायला लागतो. ‘प्रमुख’ म्हटलं की दुसऱ्या रविवारी तो खुर्चीवर बसून बोट दाखवतो. पगारी माणसाला हुकूम सोसतो, बिनपगारी माणूस वाद घालत नाही, नुसता यायचा थांबतो. आणि आपण म्हणतो त्याचा विश्वास थंडावला. विश्वास शाबूत असतो, त्याला कोणी विचारलेलं नसतं.
आमच्याकडे वेदीवरून ‘कोणीतरी पुढे या’ अशी घोषणा केली की तेच ते पाच जण उठायचे. आता गट बघणारी बाई घरी जाऊन विचारते, तुमच्याकडे अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत एवढंच काम, जमेल का? नाही म्हणायची मोकळीक असते, म्हणून हो मनापासून येतं. मुदत संपली की आभार मानून मोकळं करते, पुन्हा हवं असेल तर पुन्हा विचारते. एप्रिल-मे मधल्या भुसावळच्या उन्हात मांडव घालणाऱ्या पोरांच्या पाळ्या ती पहाटेच्याच लावते. बायबलातल्या निर्गममध्ये सासरा इथ्रो मोशेला सांगतो की सगळं एकट्याने ओढलंस तर तूही झिजशील आणि लोकही, दहा-दहांवर माणसं नेम. ते तिने शब्दशः घेतलं. तिला गटप्रमुख म्हणणं मला पटत नाही. आमची मंडळी तिला काय म्हणते सांगू? ‘यादीवाल्या ताई’.

वरणबट्टी
मग तेच छापा की! अहिराणीत पहिला प्रश्न हाच असतो, “यादी कोनाकडे शे?”

शब्दवेडी_जळगाव
पुस्तिकेत ‘यादीवाली’ शोभणार नाही. ‘सेवेकरी’ घ्या. अस्सल मराठी, पगाराचा वास नाही, पक्षाचाही नाही.

केळीचं_पान
सेवेकरी म्हटलं की आमच्या भागात प्रत्येकाला स्वामी समर्थांचं केंद्र आठवतं. त्यांचा तो रुळलेला शब्द आहे, त्यांच्याकडेच राहू द्या.

शब्दवेडी_जळगाव
शब्द कोणा एकाच्या मालकीचा नसतो. भजन आणि अभंग टिळकांनी घेतलेच ना?

दोंडाईचा_लाइन
प्रमुखासाठी ‘कारभारी’ कसा वाटतो? करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे, कारभारी विश्वासू असला पाहिजे. कारभारी मालक नसतो, दुसऱ्याचं सांभाळतो आणि हिशेब देतो. गट बघणाऱ्याचं कामही तेच, माणसं त्याची नाहीत, प्रभूची आहेत. ‘पुढारी’पेक्षा कितीतरी नम्र. ‘मुकादम’ तर मुळीच नको, ऊसतोडीच्या टोळीवरून आलेला कडवटपणा त्याला चिकटलेला आहे.

नवखा_वाचक
‘मदतनीस’ कोणीच कसा सुचवला नाही?

वरणबट्टी
अंगणवाडीत ते पद आहे. मानधनाचं.

जुने_पान
मुळाकडे जाऊ. डीकनचा मूळ ग्रीक शब्द ‘दियाकोनोस’. दिया म्हणजे ‘मधून’, कोनिस म्हणजे धूळ. धुळीतून धावत जाऊन काम करणारा. खान्देशातल्या उन्हाळ्यात याहून चपखल काय असेल?

ग्रीकचा_विद्यार्थी
ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण टिकत नाही. ‘दियाकोनोस’मधला दुसरा स्वर दीर्घ आहे, ‘दिया’ या उपसर्गातला ऱ्हस्व. अभ्यासकांनी ती याच कारणाने बाजूला ठेवली. शब्दाचा नित्याचा अर्थ मात्र ठाऊक आहे, निरोप नेणारा, पंगतीत वाढणारा. म्हणून ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मराठी भाषांतरकारांनी ‘पंक्तिसेवा’ शब्द घातला. विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, तक्रार झाली, आणि सात जण नेमले. प्रेषितांनी वरून माणसं लादली नाहीत, मंडळीला म्हणाले, तुम्हीच निवडा.

जुने_पान
दीर्घ-ऱ्हस्वावरून एवढी सुंदर कल्पना सोडायला मी तयार नाही.

वरणबट्टी
पंक्तिसेवा! मग ‘वाढपी’ का नको? आमच्याकडे पंगत बसली की गावातली जाणती माणसं वाढायला असतात, घरधनी शेवटी जेवतो. वरण-बट्टीच्या पंगतीत तूप कोणी वाढायचं हा मान असतो.

शब्दवेडी_जळगाव
वाढपी आता केटरिंगवाल्याचा रोजंदारी माणूस झाला आहे. ‘वाढणारे’ म्हणा.

केळीचं_पान
आमच्या यावल-रावेरकडे अजून वाढपी म्हणजे भाऊबंदच. रोजंदारीचे त्यांना कोणी म्हणून बघावं.

धडगाव_घाट
एक शब्द आमच्याकडून. पावरा-भिलांमध्ये एकाच्या शेतात सगळे मिळून कामाला जातात, पैसे नाहीत, घरधनी जेवू घालतो. त्याला ‘लाह’ म्हणतात. प्रार्थनाघराच्या भिंती आम्ही तशाच उभ्या केल्या, ‘उद्या लाह आहे’ एवढाच निरोप गेला. स्वयंसेवक शब्द कोणी उच्चारला नाही.

दोंडाईचा_लाइन
म्हणजे देशावरची इर्जिक?

धडगाव_घाट
जवळची आहे. पण लाहमध्ये परतफेड असते. आज तुम्ही माझ्याकडे, उद्या मी तुमच्याकडे. प्रार्थनाघराचं काम कोणाच्या शेतात परत फेडायचं, यावर आमच्याकडे वडिलांचा वाद झाला होता. काहींचं म्हणणं, ती लाह नव्हेच, अर्पण. बाकीचे अजून लाहच म्हणतात.

उकाई_रोड
मावचीत याला वेगळा शब्द आहे का ते घरी विचारून लिहितो. आमची आजी भात लावणीच्या वेळी काहीतरी दुसरंच म्हणायची.

शब्दवेडी_जळगाव
जरूर लिहा. आणि ‘सेवकाई’ मराठी बायबलात कुठे आहे ते अजून कोणी दाखवलेलं नाही.