कर्मेलचा सामना आगीचा नव्हताच, पावसाचा होता

सांजवात:
कर्मेल डोंगरावरची गोष्ट (बायबल, १ राजे, अध्याय १८) बहुतेकांना माहीत असते. एकीकडे परमेश्वराचा संदेष्टा एलीया, दुसरीकडे बआलचे ४५० संदेष्टे. बळीसाठी दोन गोऱ्हे, आणि जो देव आग पाठवेल तो खरा. प्रवचनात ती आग इतकी रंगवतात की गोष्ट तिथेच संपली असं वाटतं. माझ्या मते खरा सामना पावसाचा आहे आणि तो सतराव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत सुरू होतो. एलीया इस्राएलचा राजा अहाब याला सुनावतो: मी म्हणेपर्यंत पाऊस तर सोडाच, दंवसुद्धा पडणार नाही.

बआल म्हणजे कनानी लोकांचा पाऊस-वादळाचा देव. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा इथे १९२९ पासून उत्खनन झालं. तिथल्या मातीच्या पाट्यांत त्याला 'ढगांवर स्वार होणारा' म्हटलंय. तिथली त्याची शिळा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे: एका हातात उगारलेली गदा, दुसऱ्यात भाला, आणि भाल्याच्या दांड्याला वर चक्क पालवी फुटलेली. म्हणजे ज्याचं खातंच पाऊस, त्याच्याच खात्यात दुष्काळ पाडला. वर एलीयाला आसरा मिळतो कुठे? सारफथला, सीदोनच्या मुलखात. अहाबाची राणी ईजबेल तिथल्याच राजाची मुलगी. बआलच्या अंगणात एका विधवेच्या मडक्यातलं पीठ सरत नाही आणि बआल गप्प.

शेवटही बघा. आग एका प्रार्थनेत येते. पावसासाठी मात्र एलीया गुडघ्यांत तोंड घालून बसतो, नोकराला पुन्हा पुन्हा समुद्राकडे बघायला पाठवतो. सातव्या खेपेला तळहाताएवढा ढग दिसतो.

चिकित्सक:
आग आणि पाऊस असे वेगळे काढता येणार नाहीत. त्याच पाट्यांत वीजही बआलचीच आहे. आकाशातून आग पाडणं हाही त्याच्याच खात्यातला पेपर होता, तेव्हा धाग्याचं शीर्षक जरा ओढूनताणून वाटलं.

दुसरं, गोष्ट लिहिली जिंकणाऱ्यांनी. समोरच्यांची एक नोंद शिल्लक आहे. यहुदी इतिहासकार योसेफस हा मेनांडर या ग्रीक इतिहासकाराचा हवाला देतो: सोर-सीदोनचा राजा एथबाल, म्हणजे ईजबेलचा बाप, याच्या काळात वर्षभर पाऊस नव्हता, राजाने प्रार्थना केली आणि ढग गडगडले. योसेफसच्या मते हा दुष्काळ तोच. मग श्रेय कुणाचं?

सांजवात:
विजेचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो: बआल दोन्ही पेपरांत नापास. एथबालच्या नोंदीने दुष्काळ खरा असावा याला बळ मिळतं. पाऊस कुणी पाडला हे कुठलाच इतिहासकार सांगू शकत नाही. मी कथेचा दावा काय आहे तेवढंच बोलतेय.

रानवारा:
दावा कळला हो, पण माणसांचं काय? लोक उपाशी, आणि अहाब ओढ्याओढ्याने हिंडतोय घोड्या-खेचरांसाठी गवत शोधत. एलीया त्याच दुष्काळात बारा घागरी पाणी होमबलीवर ओततो. मग कीशोन ओहोळापाशी बआलच्या संदेष्ट्यांची कत्तल. सार्वभौम देवाला एवढ्या मुडद्यांची गरज का पडावी?

जुनी वही:
+१. आणि बआल हरला म्हणता, तर स्तोत्र २९ वाचा. मेघगर्जना, लबानोनचे मोडून पडणारे गंधसरू, थरथरणारं रान. हे सगळं वादळदेवाचं वर्णन. स्तोत्र १०४ मध्ये तर ढग हा परमेश्वराचा रथ आहे. बआलला हाकललं, पण त्याचा साज ठेवून घेतला.

सांजवात:
साज घेतला हे कबूल, पण पुढचा अध्यायही वाचा की. होरेब डोंगरावर सोसाट्याचा वारा, भूकंप, मग आग; आणि तिन्ही वेळा 'परमेश्वर त्यात नव्हता' असं स्पष्ट लिहिलंय. नंतर येतो तो शांत, मंद स्वर. वादळ काढून घेतलं तर बआलचं काय उरतं? इथे वादळ नुसतं हुकमाचं ताबेदार आहे. चंद्र-सूर्याची नावंही न घेता 'मोठी ज्योती, लहान ज्योती' म्हणणाऱ्या, बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायाचा सूरही तोच. (अवांतर झालं, असो.)

रानवारा:
कीशोनचं उत्तर राहिलं.

सांजवात:
पकडा-मारा हा हुकूम मजकुरात एलीयाच्या तोंडी आहे. देवाने तसं सांगितल्याची ओवी तिथे नाही.

चिकित्सक:
निषेधाचीही नाही. उलट लगेच पाऊस पडतो.