दिल्लीतलं मनात काय राहिलं? – अनुभव धागा

रानवाटा:
काल भाचीने निजामुद्दीनचं रिझर्वेशन कन्फर्म झाल्याचा मेसेज टाकला आणि मला एकदम तीस जानेवारी मार्गावरचं ते आवार आठवलं. लाल किल्ला, कुतुबमिनार सगळेच बघतात. गांधी स्मृतीत जरूर जा. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत सिमेंटची पावलं उठवलेली आहेत. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजी गेले तीच वाट, आणि पावलं मध्येच संपतात. आई त्यांच्या कडेकडेने चालत होती, एकाही पावलावर पाय पडू न देता. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिकीट नाही, सोमवारी बंद.
तुम्हीही लिहा. यादी नको, जे आत राहिलं ते.

कोकणकडा:
राष्ट्रीय समर स्मारक, इंडिया गेटला लागूनच. २०१९ ला झालं. त्याग चक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेका जवानाचं नाव आहे. शेजारच्या काकूंनी त्यांच्या धाकट्या दिराचं नाव शोधायला सांगितलं होतं. तिथल्या स्क्रीनवर नाव टाकलं की जागा कळते. सापडलं! हात इतका थरथरला की फोटो परत काढावा लागला. काकूंनी तो फ्रेम करून देवघराशेजारी लावलाय.

रानवाटा:
कोकणकडा, डोळे भरले हो. काकूंना माझा नमस्कार सांगा.

ओलीमाती:
जानेवारीत थंडी किती असते? सासू-सासऱ्यांना न्यायचंय, सासूबाईंचे गुडघे दुखतात.

हिरवाचाफा:
ओलीमाती, ज्येष्ठांना फेब्रुवारीअखेर न्या. जानेवारीत धुक्याने गाड्या तासन् तास रखडतात. फेब्रुवारीत राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही उघडतं.
माझं म्हणाल तर नॅशनल म्युझियम. मोहेंजोदडोची नर्तकी! पुस्तकातल्या फोटोवरून केवढी वाटते, प्रत्यक्षात साडेदहा सेंटीमीटर. लेक म्हणाली, "आई, ही माझ्या पेन्सिलीपेक्षा लहान आहे." एक हात कमरेवर, दुसऱ्यात खांद्यापासून मनगटापर्यंत बांगड्या. लेक काचेपासून हलेना, मग मीही थांबले.

गडकोट:
लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासला वर मान करून छत बघा. तिथली चांदी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेचा खर्च भागवायला उतरवली. पानिपताच्या आदल्या वर्षी, पैशांची केवढी ओढाताण असेल! आमचा गाईड "मराठे ले गये" एवढंच बोलून पुढे निघाला. १७७२ ला महादजींनी मुघल बादशहा शाह आलमला दिल्लीत परत आणलं, ते कोण सांगणार? मी लेकाला तिथेच कडेला बसवून सगळं सांगितलं. आपली माणसं तिथवर गेली होती, हे मुलांना तिथे उभं राहूनच कळतं. हाही सोमवारी बंद, लक्षात ठेवा.

ओलीमाती:
गडकोट दादा, अजून लिहा ना! आमच्याकडे रोज रात्री इतिहासाचीच गोष्ट लागते.

निळीपहाट:
२६, अलीपूर रोड कोणीच कसं लिहिलं नाही? ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांनी शेवटचा श्वास घेतला ते ठिकाण. आता स्मारक आहे, इमारत उघडलेल्या संविधानासारखी. बाबा दरवर्षी चैत्यभूमीला जातात, तिथली गर्दी अंगात भिनलेली. इथे आत आल्यावर शर्टाचं वरचं बटण लावलं, केस नीट केले, मग पुढे गेले. परतताना मेट्रोत म्हणाले, "तुझ्या आजीला दाखवायला हवं होतं." दिल्लीला जाल तर इथे जाच. सिव्हिल लाइन्स स्टेशनला उतरायचं.

रानवाटा:
निळीपहाट, बरं झालं लिहिलंत. भाचीच्या यादीत हे सगळ्यात वर टाकते.

भुसावळकर:
मुलं बरोबर असतील तर चाणक्यपुरीचं रेल्वे म्युझियम. पतियाळाची मोनोरेल आहे, एकाच रुळावर चालणारी, दुसऱ्या बाजूचं मोठं चाक रस्त्यावर. आजोबा लोको शेडला होते, त्यांच्यामुळे आमच्या घरात वाफेच्या इंजिनाचा विषय निघाला की जेवणं थंड होतात. पंजाब मेलने गेलो होतो, भुसावळपासून खिडकी सोडली नाही.

हिरवाचाफा:
पंजाब मेल! माझं माहेर मनमाड 😊

भुसावळकर:
मग तर शेजारीच की ताई!

ओलीमाती:
मराठी जेवण कुठे मिळतं? सासऱ्यांना रोज पराठे चालणार नाहीत.

कोकणकडा:
कस्तुरबा गांधी मार्गावरचं नवीन महाराष्ट्र सदन. तिथल्या कँटीनमध्ये आम्ही जेवलो होतो. जेवणाच्या वेळा आधी फोन करून विचारून घ्या.