घरचा हंगामी टोमॅटो की वर्षभर मिळणारा? तुमचं मत सांगा

पानाआड (धागाकर्ता)

या हंगामातला पहिला टोमॅटो काल सकाळी तोडला. देठावर गुडघ्यासारखा एक सांधा असतो. तिथे अंगठा टेकवून फळ जरा वर उचललं की ते टचकन सुटून हातात येतं, ओढावं लागत नाही. उन्हाने फळ कोमट झालं होतं. बोटांना पानांचा तो उग्र हिरवा वास लागलेला, साबणाने दोनदा हात धुतले तरी न जाणारा. घरात नेऊन चिरण्याइतकाही धीर नव्हता, तिथेच उभ्याने खाल्ला. आधी आंबट, मग गोड, आणि बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात सगळ्यात जास्त चव. मिठाची आठवणसुद्धा झाली नाही.

आता माझं मत. टोमॅटो बारमाही झाला आणि त्याची चव गेली. हंगामाचे दोन-अडीच महिने मी पोटभर खातो, बाकीचे दिवस न शिजवलेला टोमॅटो ताटात घेत नाही. लांब पाठवायचा माल प्रवासात टिकावा म्हणून हिरवा असतानाच काढतात आणि नंतर इथिलीन वायू देऊन लाल करतात. रंग येतो, चव मागे राहते. वाणही त्याच हिशोबाने निवडले गेले: टणक फळ, भरपूर उत्पादन, सगळीकडून सारखा रंग. 2012 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनात या सारख्या रंगामागचं जनुक सापडलं. देठाभोवतीची गडद हिरवी छटा ज्या बदलामुळे गेली, त्याच बदलामुळे फळातलं हरितद्रव्य घटतं आणि साखरही कमी भरते. दिसायला चांगली म्हणून आपण जी फळं निवडत आलो, ती मुळातच कमी गोड होती.

म्हणून म्हणतो, वाट बघावी. नसेल तेव्हा खाऊ नये.

डोळेझाकून

तुमचा सकाळचा आनंद शंभर टक्के मान्य, निष्कर्ष मात्र पटला नाही. ‘झाडावर लाल झालेलाच खरा’ हे मीही वर्षानुवर्षं म्हणायचे. मग घरीच करून बघितलं. एकाच झाडाची फळं, निम्मी झाडावर पूर्ण लाल होऊ दिली, निम्मी तळाशी गुलाबी झाक दिसताच तोडून स्वयंपाकघरात टोपलीत ठेवली. पाचही जणांना डोळे बांधून फोडी दिल्या. एकालाही फरक सांगता आला नाही, मलाही नाही.

रंग फुटायला लागला की फळ स्वतःच इथिलीन तयार करत असतं. तिथून पुढे ते झाडावर आहे की टोपलीत, याने फारसं बिघडत नाही. उलट ते पक्षी, किडी आणि साल तडकणं यांपासून वाचतं. खरं नुकसान होतं ते अगदी कोवळं हिरवं फळ काढल्यावर आणि नंतर थंडीत ठेवल्यावर. पण हे आपल्या घरातही होतंच की! झाडावरून काढून सरळ फ्रिजमध्ये टाकणारे कितीतरी जण आहेत. 2016 साली एका प्रयोगात पिकलेले टोमॅटो 5 अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवून पाहिले. साखर आणि आंबटपणा तसाच राहिला, सुवासाची द्रव्यं मात्र खूप घटली, कारण ती बनवणारी जनुकंच थंडीत मंदावतात. नंतर एक दिवस बाहेर ठेवूनही तो सुवास पूर्ण परतला नाही.

तेव्हा दोष बारमाही असण्याला देऊ नका. कधी काढला आणि कसा ठेवला, ते विचारा.

मुळापासून

ताई, तुमच्या प्रयोगातली फळं रंग फुटेपर्यंत झाडावरच होती, हे विसरू नका. केळ्यात पिठूळ साठा असतो, ते कच्चं काढलं तरी घरात गोड होतं. टोमॅटोत काढणीपर्यंत असा साठा जवळपास उरलेला नसतो. जी साखर येते ती पानांकडून, फळ झाडावर असेपर्यंतच. त्यामुळे लवकर काढलेल्या हिरव्या फळाला नंतर कितीही वायू दिला तरी ते कमीच राहणार. मी पानाआड यांच्या बाजूने.

रिकामी कुंडी

मला दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटलेली दिसते. ‘घरचा’ म्हटलं की तो चांगलाच, असं सगळे धरून चालले आहेत. पहिल्या वर्षी माझी झाडं खांद्याएवढी झाली, पानं काळीभोर हिरवी, बघणारे कौतुक करायचे. फळं मोजून अकरा, आणि चव पाण्यासारखी. नत्राचं खत भरमसाट दिलं होतं आणि पाणी रोज दोन वेळा. झाडाने सगळा जोर पानांत घातला. टोमॅटोत मुळातच 94-95 टक्के पाणी असतं, त्यात फळ भरताना आपण आणखी पाणी ओतत राहिलो तर चव पातळ होणारच.

दुसऱ्या वर्षी रंग फुटायच्या सुमाराला पाणी कमी केलं, कुंडीची वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय घातलं नाही. फळं लहान निघाली पण चव जिभेवर रेंगाळली. पाणी एकदम तोडू नका मात्र. माती कडक वाळवून मग भसकन पाणी दिलंत तर फळं तडकतात, आणि पाण्यात असा चढउतार राहिला तर फळाला कॅल्शियम पोचत नाही, बूड काळं पडतं.

हंगामाबद्दल मात्र धागाकर्त्याशी सहमत. दिवसा पारा 35 च्या वर आणि रात्रीही उकाडा असेल तर पराग निकामी होतात, फुलं गळतात. जी फळं आधी धरलेली असतात तीही 30 अंशांच्या पुढे नीट लाल होत नाहीत, पिवळट-नारिंगी राहतात, कारण लाल रंगाचं लायकोपीन त्या उष्णतेत तयार होत नाही. झाडाशी भांडून उपयोग नसतो.

रोजचा स्वयंपाक

वाट बघावी, नसेल तेव्हा खाऊ नये, हे वाचून मला वाईट वाटलं. सहा ते आठ तास ऊन येणारी जागा किती घरांत आहे? घरात रोज रांधणाऱ्या माणसाला आंबटपणा आणि रंग वर्षभर लागतो. शिजवायचा असेल तर डबाबंद टोमॅटो बेहंगामी ताज्यापेक्षा सरस असतो, कारण तो हंगामात पिकलेला काढून लगेच डब्यात भरतात. आणि लायकोपीन तर शिजवून, थोड्या तेलाबरोबर खाल्लं की अंगाला जास्त लागतं.

चव गेली ती कायमची, असंही नाही. 2017 साली 398 वाणांची तपासणी झाली, नवे, जुने, रानटी सगळे. कोणती सुवासद्रव्यं आधुनिक वाणांत घटली आणि ती कोणत्या जनुकांशी जोडलेली आहेत, हे त्यातून कळलं. म्हणजे बाजारातला टोमॅटोही सुधारू शकतो. ज्याला जागा नाही त्याच्या ताटात चांगला टोमॅटो यावा, यासाठी मी भांडेन.

पानाआड

रोजचा स्वयंपाक, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मी लिहिलं ते न शिजवलेल्या टोमॅटोबद्दल होतं, तरी ‘नसेल तेव्हा खाऊ नये’ हे ज्याच्याकडे ऊन येत नाही त्याला सांगण्याचा मला हक्क नाही. ते वाक्य मागे घेतो.

वाट बघण्याबद्दल मात्र ठाम आहे. बी टाकल्यापासून तीन-साडेतीन महिने मी त्या झाडाला रोज बघतो. बगलफूट खुडतो, काठीला बांधतो, पहिलं फूल उमललं की देठाला हलकी टिचकी मारतो, पराग झडावेत म्हणून. इतक्या दिवसांनी जे फळ हातात येतं ते डोळे बांधून जोखता येईल, असं मला वाटत नाही.

डोळेझाकून

डोळे बांधायचे ते टोमॅटोची चव जोखायला, तुमचे साडेतीन महिने जोखायला नाही! एवढंच करा, पुढची चार फळं गुलाबी झाक येताच काढा, देठाची बाजू खाली करून बाहेरच ठेवा, आणि झाडावरच्या चारांबरोबर खाऊन बघा.

पानाआड

आत्ता बघून आलो. खालच्या घोसात दोघांना झाक आलेली आहे. ती उद्या सकाळी काढतो.