पोक्सोतली किमान २० वर्षं: खानदेशात ही शिक्षा नेमकी कुणावर पडते?

तापीकाठ (धागाकर्ता)
पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा, विषय निघाला की चर्चा ‘फाशीच द्या’ इथे येऊन थांबते. मला त्याच्या अलीकडचं बोलायचं आहे. १६ ऑगस्ट २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने किमान शिक्षा वाढल्या. कलम ४ मध्ये ७ ची १० वर्षं झाली, आणि मूल १६ च्या आतलं असेल तर २०. कलम ६, म्हणजे गंभीर प्रकार, तिथे १० ची २० झाली आणि वर फाशी आली. आठ वर्षांच्या लेकराला ओरबाडणाऱ्याला २० वर्षं, यावर माझा काडीचाही आक्षेप नाही.

आक्षेप पुढे आहे. सतरा वर्षांची मुलगी म्हणजे १० वर्षांचं कलम, असा बऱ्याच जणांचा समज. कलम ५ नीट वाचा. मुलगी गरोदर राहिली की गुन्हा गंभीर. एकापेक्षा जास्त वेळा संबंध आला तरी गंभीर. धडगाव-अक्कलकुव्याकडून बारडोलीच्या ऊसतोडीला जाताना मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे जोडी. मग सतरा-एकोणिसाची जोडी दोन्ही घरं मिळून लावून देतात. मुलगी बाळंतपणाला ग्रामीण रुग्णालयात येते, आधारवरची जन्मतारीख दिसते, डॉक्टरांना कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. तो पोरगा थेट कलम ६ मध्ये. न्यायाधीशांना सगळं दिसत असूनही एक दिवस कमी करता येत नाही. लग्नाचा बचावही चालत नाही. पत्नी १८ च्या आतली असेल तर तो बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ ला सांगितलं.

कारणं नोंदवून किमान शिक्षेच्या खाली यायची मुभा न्यायाधीशांना हवी, एवढंच माझं म्हणणं.

पांझरा
ती मुभा होती. तिचं काय झालं ते बघा. भादंविच्या कलम ३७६ ला २०१३ पर्यंत एक शेपूट होतं: ‘पुरेशी आणि विशेष कारणं’ असतील तर किमान शिक्षेच्या खाली जाता येई. ही कारणं कोणती निघायची? आरोपी तरुण आहे, घरचा कर्ता आहे, दोन्हीकडचा समेट झालाय, मुलीचं आता लग्न होऊन ती नांदतेय. म्हणून २०१३ च्या दुरुस्तीत ते कापलं.

तुम्ही ते ऊसतोडीच्या पोराच्या नावाने परत मागताय. वापरतील मात्र वसतिगृहाचा कर्मचारी, सख्खा काका, ज्याच्या बागेत मुलीचे आईबाप मजुरीला जातात तो मालक. समेट घडवून आणायची ताकद यांच्याकडे असते. भावकी बसते, रक्कम ठरते, मुलीला मामाच्या गावी धाडतात. राजस्थानातल्या एका शिक्षकाविरुद्धचा गुन्हा पालकांशी तडजोड झाली म्हणून उच्च न्यायालयाने रद्द केला होता. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. तडजोडीची दारं किती सहज उघडतात ते यावरून कळतं. १९९४ चं जळगावचं मुलींच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण आपल्याकडे अजून लोकांच्या लक्षात आहे. तेव्हा मुली पुढे यायला धजत नव्हत्या, कारण समोरचे वजनदार होते.

तापीकाठ
सरसकट मुभा मी मागतच नाही. विधी आयोगाचा २८३ वा अहवाल, सप्टेंबर २०२३: संमतीचं वय १८ च राहू द्या, पण १६ ते १८ च्या प्रकरणांत मुलीची मूक संमती दिसत असेल तर न्यायालयाला मर्यादित विवेकाधिकार द्या. माझी मागणी तेवढीच. २३ मे २०२५ ला पश्चिम बंगालच्या प्रकरणात दोषी ठरलेल्याला तुरुंगात न पाठवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला अनुच्छेद १४२, म्हणजे पूर्ण न्यायासाठीचा फक्त त्याच न्यायालयाचा खास अधिकार, वापरावा लागला. नंदुरबारच्या विशेष न्यायालयाने काय वापरायचं?

पांझरा
त्या प्रकरणातली मुलगी १४ वर्षांची होती, हे सांगायचं राहिलं. १६ ची रेघ ओढली तरी सवलत ती ओलांडून खाली सरकते, ती अशी. आणि ‘मूक संमती’ कोण ठरवणार? जी मुलगी त्याच घरात राहते, त्याच्याच कमाईवर जेवते, तिला साक्षीच्या पिंजऱ्यात विचारून?

सातपुडा_दवाखाना
कायद्याची भीती दवाखान्याच्या दारात काय करते ते मांडतो. सतरा वर्षांच्या गरोदर मुलीला घरचे आणतच नाहीत, किंवा वय १९ सांगतात. हिमोग्लोबिन ७ च्या खाली, सोनोग्राफी एकही नाही, आणि कळा सुरू झाल्यावर गाडी. इथे मी तापीकाठ यांच्या बाजूचा आहे.

एक माहिती मात्र फार जणांना नसते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालानुसार गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर कलम १९ च्या कळवण्यात डॉक्टरने तिचं नाव उघड करणं बंधनकारक नाही. मुदत २४ आठवडे. त्यापुढे गेलं की औरंगाबाद खंडपीठ, वैद्यकीय मंडळ, अहवाल. धडगावहून तिकडे पोचेपर्यंत आणखी आठवडा जातो. म्हणून पाळी चुकल्याचं कळताच घेऊन या.

तपास_डायरी
तुम्ही सगळे खटल्याच्या शेवटच्या पानावर भांडताय. खटला हरतो तो पहिल्या चार दिवसांत. २० वर्षं द्या नाहीतर ५०, दोषसिद्धीच झाली नाही तर आकडा कागदावर.

पहिलं, कपडे. घरचे धुऊन टाकतात, किंवा कॅरीबॅगमध्ये गाठ मारून आणतात. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते, डीएनए खराब होतो. न धुता, सावलीत वाळवून, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत. शरीरावरचे नमुने ९६ तासांपर्यंत घेतात, पण दर तासाला शक्यता घटते. एचआयव्ही रोखणारी औषधं तर ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात. मुलीला आंघोळ घालून आणलं तरी तपासणी टाळू नका. तपासणी स्त्री डॉक्टरने करायची. दोन बोटांची चाचणी कुणी करत असेल तर तिथेच थांबवा, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तिला गैरवर्तन ठरवलंय.

दुसरं, जबाबाची भाषा. इथे आपल्याकडचे खटले सगळ्यात जास्त मार खातात. सात-आठ वर्षांची पोर अहिराणीत म्हणते, ‘तो खोड्या करस’. जबाबात लिहिलं जातं: ‘आरोपी मला त्रास देत असे.’ झालं. खोड्या म्हणजे काय, कुठे हात लावला, कपड्यांवरून की आतून, किती वेळा, हे तिच्याच शब्दांत उतरलं नाही तर कलम ६ चा गुन्हा कलम १० वर येतो, म्हणजे ५ ते ७ वर्षं, किंवा कलम १२ वर, जिथे किमान शिक्षाच नाही. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला दुभाषी देण्याची तरतूद कलम २६ मध्येच आहे. हवालदाराने अंदाजाने मराठी केलेला जबाब उलटतपासणीत पाच मिनिटांत फाटतो. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा.

तिसरं, वय. झेडपी शाळेच्या रजिस्टरात अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून. गुरुजींनी दाखल करताना लिहिलेली. नुसता शाळा सोडल्याचा दाखला वयाला पुरेसा नाही, हे २०२३ च्या निकालात स्पष्ट झालंय. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची चाचणी. त्या चाचणीत वर्ष-दोन वर्षांची तफावत येते आणि तिचा फायदा आरोपीला.

पांझरा
हे सगळं मान्य. यात साक्षीची तारीखही धरा. कलम ३५ सांगतं की न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष, शक्यतो वर्षात निकाल. उशीर झाला तर कारण नोंदवावं लागतं, म्हणून सरकारी वकिलामार्फत तसा अर्ज पडलाच पाहिजे. तीन वर्षांनी उभ्या केलेल्या मुलाला रंग, दिवस, खोली काही आठवत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब दुजोऱ्याला चालतो, साक्षीची जागा घेत नाही.

तापीकाठ
आणि त्या तीन वर्षांत आरोपी बाप असेल तर घर कुणाच्या पैशावर चालतं? आईला कुणीतरी सांगतं, ‘वीस वर्षं आत जाईल, पोरं रस्त्यावर येतील.’ आई फिरते, मग मुलगी फिरते. आकडा जेवढा मोठा, तेवढा हा दबाव मोठा. यावर तुमच्याकडे उत्तर नाही.

पांझरा
उत्तर आहे, फक्त कुणी मागत नाही. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत अंतरिम भरपाई आहे. विशेष न्यायालय ती गुन्हा नोंदल्यानंतर कधीही देऊ शकतं, निकालाची वाट बघावी लागत नाही. रेशन, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बाल कल्याण समिती वेगळी शिफारस करू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मनोधैर्यचा, म्हणजे पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्याच्या योजनेचा, अर्ज स्वतंत्र. आईच्या हातात पहिल्याच महिन्यात पैसे पडले तर ती टिकते. शिक्षा कमी करून ती टिकेल, हे मला पटत नाही.

निवासी_शाळा
वाद बाजूला ठेवून विचारतो. वसतिगृहातल्या मुलाने (मुलगा आहे, दहा वर्षांचा) अधीक्षकांना काही सांगितलं तर त्यांनी आधी चौकशी समिती नेमायची का?

तपास_डायरी
अजिबात नाही. कायदा मुलग्यालाही तसाच लागू आहे. मूल बोललं तेच शब्द, तारीख-वेळ घालून कागदावर लिहा आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या. ठाणं दूर असेल तर ११२ किंवा १०९८. संशयिताला बोलावून समोरासमोर करू नका, मुलाला दहा जणांपुढे पुन्हा पुन्हा बोलतं करू नका. कळवलं नाही तर ६ महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं झाकलं तर १ वर्षापर्यंत. गुन्हा शेजारच्या तालुक्यात किंवा गुजरात हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्याला शून्य क्रमांकाने नोंद घ्यावीच लागते. पोलीस २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवतात. तिथे मुलासाठी सहायक व्यक्ती मागा, त्याची बोली येणारी मागा, आणि हे अर्जात लेखी टाका.