बाहेरून इन्सुलेशन केलेल्या भिंतीला आतून बाष्परोधक थर द्यावा का?

प्रश्न: २३० मिमी विटांची भिंत. बाहेरून १०० मिमी थर्माकोल (ईपीएस), त्यावर जाळी आणि पातळ गिलावा करायचाय. पाऊस आता कमी वेळात आणि वाऱ्यासकट कोसळतो, उन्हाळा दमट झालाय, आत एसी चालतो. आतून बाष्परोधक थर लागेल का? थर्माकोलऐवजी रॉकवूल (दगडी तंतूंचं इन्सुलेशन) बरं का?

उत्तर १: आतून प्लास्टिक, ऑइलपेंट, व्हिनाइल वॉलपेपर यांतलं काहीही नको. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होतं तो, २६ अंशांच्या आसपास असतो. एसीमुळे भिंत २४ अंशांवर असली, तर आत येऊ पाहणारं बाष्प त्या थरामागेच अडून पाणी होतं. मग पोपडे आणि बुरशी. तापमान १ अंशाने चढलं की हवेत साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे हा त्रास वाढतच जाणार. साधा गिलावा आणि बाष्प जाऊ देणारा रंग ठेवा.

उत्तर २: बाष्पाला १०० मिमी ईपीएसचा अडथळा साधारण ६ मीटर जाडीच्या हवेच्या थराइतका, तेवढ्याच रॉकवूलचा जेमतेम १० सेंमी हवेइतका. म्हणजे ईपीएस लावल्यावर ओली वीट मुख्यतः आतल्या बाजूनेच वाळते. जमिनीतून चढणारी ओल आधी थांबवा, भिंत वाळू द्या, मगच इन्सुलेशनचे बोर्ड लावा. रॉकवूलमागची वीट बाहेरूनही लवकर वाळते, पण पावसात भिजलेल्या गिलाव्यावर ऊन पडलं की बाष्प तितक्याच सहज आत ढकललं जातं.

खरं नुकसान मात्र सांध्यांतून शिरणाऱ्या पाण्याने होतं. खिडकीची सिल (खालची बाहेरची पट्टी) नव्या गिलाव्याच्या पुढे ३० ते ४० मिमी यायला हवी, खालून पाणी तोडणारी खाच हवी आणि दोन्ही टोकं वर वळवलेली हवीत. चौकटीभोवती फुगणारी सीलिंग टेप वापरा. गिलाव्यावर नुसतं सिलिकॉन ओढलं तर ते कडेने सुटतं. खिडकीच्या कोपऱ्यांवर जाळीचे तिरपे तुकडे लावा, नाहीतर तडे तिथूनच जातात. बोर्डाच्या चारही कडांना डिंकाचा सलग पट्टा, मध्ये गोळे, एकूण निदान ४० टक्के पृष्ठभाग. नुसत्या गोळ्यांवर बोर्ड टेकवला तर मागे दमट हवा फिरते आणि थंड विटेवर दव धरतं.

उत्तर ३: ग्लासर पद्धतीच्या (भिंतीत दव कुठे धरेल हे काढायची सोपी रीत) आकडेमोडीवर विसंबू नका, तिच्यात पाऊस आणि विटेने शोषलेलं पाणी धरलेलंच नसतं. ईएन १५०२६ या युरोपीय मानकानुसार भिंतीतल्या ओलाव्याचा तासागणिक हिशोब करा, तोही पुढच्या काळाच्या अंदाजित हवामानावर. गिलाव्यावर आपटणाऱ्या पावसापैकी १ टक्का पाणी आत शिरलं असं धरून पाहा. विटेच्या बाहेरच्या अंगाला आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांवर राहिली, तर बांधणीचे तपशील बदला.

प्रश्नकर्ता: सिल आधी बदलायची की बोर्डानंतर?

उत्तर २: आधी. बोर्ड सिलच्या टोकांपर्यंत कापून बसवायचे आणि मध्ये टेप घालायची.